मार्चमधली शाल: थायरॉइड बिघडला की शरीराचा वेग का बदलतो

निफाडची थंडी नाशिककरांना वेगळी सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात आणि मणी तडकू नयेत म्हणून बागवाले जागत बसतात. त्या दिवसांत माझी मावशी अंगावर दोन शाली घेऊन बसायची, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. मला खटकलं ते मार्चच्या शेवटी. बागेत माल काढायला माणसं लागलेली, घरात पंखा गरगर फिरतोय, आणि मावशी ओसरीवर ऊन येतं त्या कोपऱ्यात शाल लपेटून बसलेली. शेजारी बसून तिचा हात हातात घेतला तर माठाला हात लावावा तसा गार. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. आदल्याच आठवड्यात फोनवर तिचा आवाज इतका घोगरा आला होता की काकाच बोलताहेत असं समजून मी "काका, जरा मावशीला द्या ना" म्हणून गेले होते.

विचारत गेले तसं एकेक बाहेर आलं. पोट साफ होत नाही म्हणून वर्षभर इसबगोल चालू. टाचांना भेगा, त्यावर मलम. रात्री हाताला मुंग्या येतात, ते म्हणे मणक्याचं. तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं म्हणून भाजीतलं तेल कमी केलं. केस गळतात, त्याला आवळ्याचं तेल. वजन चार किलोनं वाढलं, त्यावर घरचे म्हणाले, दिवसभर बसून असतेस, जरा चालत जा. आणि बसून का असते, तर "अंगात जीवच नाही गं." वय ६२. प्रत्येक तक्रारीला घरात एक वेगळं कारण आणि एक वेगळा उपाय ठरलेला होता.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण चयापचयाचा धडा इतकी वर्षं फळ्यावर लिहिलाय की या सगळ्या तक्रारींना एकच धागा असावा अशी शंका आली. नाशिकला आणून रक्त तपासलं, तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ६८ निघाला. निरोगी मोठ्या माणसात तो साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असतो, प्रयोगशाळेनुसार थोडा इकडेतिकडे. गळ्यातली एवढीशी ग्रंथी मंदावली तर थंडी, टाचा, पोट, आवाज आणि कोलेस्टेरॉल यांची गाठ एकमेकांशी कशी पडते, ते मला इथे सांगायचंय. कारण ते माहीत नसलं की घरातल्या बाईच्या आजाराला आळस म्हटलं जातं, आणि आमच्या घरात ते वर्षभर म्हटलं गेलं.

आधी चयापचय म्हणजे काय ते पाहू. हल्ली हा शब्द वजनापुरताच वापरतात, पण त्याचा पसारा मोठा आहे. आपण गाढ झोपेत असतो तेव्हाही हृदयाचे ठोके चालू असतात, किडनी रक्त गाळत असते, यकृताची भट्टी पेटलेली असते, जुन्या पेशी मोडून नव्या घडत असतात. बैठं काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या ऊर्जेपैकी साधारण ६० ते ७० टक्के ऊर्जा या पडल्यापडल्या चालणाऱ्या कामांनाच लागते. चालणं, घरकाम, व्यायाम हे बरंचसं उरलेल्यात भागतं. या मूळ खर्चाच्या दराला मूलभूत चयापचय दर म्हणतात.

यातलं एक काम मुलांना सांगायला मला फार आवडतं. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सूक्ष्म पंप बसवलेले असतात. आत झिरपलेले सोडियमचे तीन कण बाहेर टाकायचे आणि पोटॅशियमचे दोन आत ओढायचे, एवढंच त्यांचं काम. गळक्या होडीतलं पाणी उपसत राहावं तसं ते अखंड चालतं. हा उपसा थांबला तर मज्जातंतूतून संदेश जाणार नाही आणि स्नायू हलणार नाही. विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा वापरतं तिचा सुमारे पाचवा हिस्सा एकटे हे पंप खातात. आणि या सगळ्या जळणातून जी उष्णता बाहेर पडते तिच्यावरच आपलं अंग ३७ अंशांच्या आसपास उबदार राहतं. पेशीत असे पंप किती लावायचे, इंधन जाळणाऱ्या भट्ट्या किती ठेवायच्या, हे ठरवण्यात थायरॉइडच्या हार्मोनचा फार मोठा वाटा असतो.

ही ग्रंथी असते गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, श्वासनळीला बिलगलेली. आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा, वजन १५ ते २५ ग्रॅम. पाठ्यपुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात. ती रक्तातून आयोडीन वेचून घेते आणि त्यापासून दोन हार्मोन घडवते. एकाच्या कणात आयोडीनचे चार अणू असतात, तो टी-४. दुसऱ्यात तीन, तो टी-३.

तिचा कारभार समजून घ्यायला नाशिकच्या माणसाने गंगापूर धरण डोळ्यांपुढे आणावं. पावसाळ्यात धरण भरतं आणि तो साठा शहराला पुढे बेताबेताने पुरवला जातो. थायरॉइडही असाच साठा करून ठेवते, आणि तो दोन-तीन महिने पुरेल एवढा असतो. धरणातलं पाणी थेट आपल्या नळाला येत नाही, आधी शुद्धीकरण केंद्रात जातं. तसं ग्रंथीतून बाहेर पडणारा माल मुख्यतः टी-४ असतो, आणि त्याचा जोर फारसा नसतो. यकृत, किडनी, स्नायू अशा ठिकाणी त्याच्यातला आयोडीनचा एक अणू काढून घेतला जातो, मग तो टी-३ होतो. पेशींमध्ये खरं काम करतो तो हाच.

आता नळाला पाणी कमी आलं की काय होतं? वॉर्डातून ओरड सुरू होते. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी रक्तातल्या थायरॉइड हार्मोनवर सतत लक्ष ठेवून असते. ते कमी पडलं की ती टीएसएच सोडते. टीएसएच म्हणजे ही ओरड: माल पाठवा, कमी पडतोय. पुरवठा सुरळीत असला की आवाज हळू, तुटवडा पडला की मोठा. म्हणून रिपोर्टात टीएसएच चढलेला दिसला तर थायरॉइड कमी पडतोय असं सहसा समजायचं. "टीएसएच वाढला म्हणजे माझा थायरॉइड वाढला" हे मी इतक्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय की ही एक गोष्ट तरी पक्की ध्यानात ठेवा, असं मनापासून सांगावंसं वाटतं.

पेशीत गेल्यावर टी-३ काय करतो? तो थेट केंद्रकापर्यंत जातो, जिथे जनुकं असतात, आणि कोणतं प्रथिन किती बनवायचं याचे हुकूम बदलतो. पंप जास्त बनवा, भट्ट्या वाढवा, यकृतात चरबी उचलणारे हात वाढवा. मागून कुत्रं अंगावर आलं तर क्षणात छाती धडधडते, ते ॲड्रिनॅलिनचं काम. थायरॉइडचं तसं नाही. नवी प्रथिनं घडायला वेळ लागतो, जुनी झिजायला वेळ लागतो. त्यामुळे हा आजार चोरपावलांनी येतो, महिनोन्‌महिने. रोज समोर दिसणाऱ्या माणसांना बदल जाणवत नाही. मी चार महिन्यांनी गेले म्हणून मला शाल दिसली, एवढंच.

शरीराचा खर्च आणि ही ग्रंथी यांचं नातं पहिल्यांदा मोजून दाखवलं ते १८९५ मध्ये, जर्मनीतल्या आडोल्फ माग्नुस-लेव्ही यांनी. माणूस किती प्राणवायू वापरतो त्यावरून त्याच्या आत किती जळण चाललंय ते कळतं. थायरॉइड मंदावलेल्यांमध्ये हा वापर घटलेला आणि ग्रंथी अति काम करणाऱ्यांमध्ये वाढलेला त्यांना आढळला. पुढे रक्ततपासणी येईपर्यंत कित्येक वर्षं निदानाची पद्धतही हीच होती. रुग्णाला उपाशीपोटी स्वस्थ निजवायचं, नळीतून श्वास घ्यायला लावायचा आणि प्राणवायू मोजायचा.

आमच्या डॉक्टरांनी मात्र रिपोर्ट हातात असूनही एक जुनी तपासणी केली, ती मी विसरणार नाही. त्यांनी मावशीला खुर्चीवर गुडघे टेकून, पाठ त्यांच्याकडे करून बसायला सांगितलं. "मावशी, पाय सैल सोडा." पावलं खुर्चीच्या कडेबाहेर लोंबत होती. छोट्या रबरी हातोडीने त्यांनी टाचेच्या वरच्या दोरीसारख्या कंडरेवर टिचकी मारली. पाऊल झटकन हललं, जसं कुणाचंही हलतं. पण परत येताना सावकाश आलं, जड दार आपसूक लागतं तसं. माझ्या पायावर मारली तर पाऊल गेलं तसं परत. स्नायू आवळला जातो तेव्हा त्याच्या आत कॅल्शियम मोकळं सुटतं. सैल पडायचं तर ते कॅल्शियम पुन्हा कोठारात भरावं लागतं, आणि ते भरणारेही पंपच. त्या पंपांची संख्या थायरॉइड हार्मोन ठरवतं. हार्मोन कमी, पंप कमी, कॅल्शियमची आवराआवर संथ, म्हणून पाऊल मागे यायला उशीर. सगळ्या शरीराचा मंदावलेला वेग त्या एका पावलात डोळ्यांना दिसला.

हृदयाच्या स्नायूतही हीच यंत्रणा असते. त्यामुळे नाडी मंद होते, ठोक्यातला जोर उतरतो, जिना चढताना धाप लागते. आतड्यांचे स्नायू सुस्तावतात, म्हणून मावशीचं इसबगोल. उष्णता कमी तयार होते आणि असलेली वाचवायला शरीर कातडीकडचं रक्त आवरून घेतं, म्हणून हात माठासारखा. घाम आणि तेल कमी सुटतं, कातडी कोरडी पडते, टाचा फुटतात. केसांच्या मुळांची वाढ मंदावून जास्त केस एकदम विसाव्यात जातात आणि गळतात. गाजरासारख्या पदार्थांतला पिवळा घटक जीवनसत्त्व 'अ' मध्ये बदलायलाही उशीर लागतो, म्हणून काहींचे तळहात पिवळसर दिसतात, आणि घरच्यांना काविळीचा संशय येतो. मेंदूचंही तेच. विसरणं, मन न लागणं, उदास वाटणं यांत थायरॉइडचा हात असू शकतो, म्हणून अशा तक्रारींत ही एक तपासणी करून घेणं शहाणपणाचं. पाळी चालू असलेल्या बायकांत अंगावरून जास्त जाऊ लागतं, दिवस राहायला अडचण येते.

कोलेस्टेरॉलबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे फसगत फार होते. रक्तातलं वाईट म्हटलं जाणारं एलडीएल कोलेस्टेरॉल यकृत उचलून घेतं. त्यासाठी यकृताच्या पेशींवर जणू हात असतात, आणि ते हात बनवायचा हुकूम टी-३ देतो. हुकूम थंडावला की हात घटतात आणि कोलेस्टेरॉल रक्तात फिरत राहतं. मावशीने तेल कितीही कमी केलं असतं तरी हे घडलंच असतं. म्हणून कोलेस्टेरॉल नव्याने वाढलेलं दिसलं की त्याची गोळी सुरू करण्याआधी टीएसएच बघतात. थायरॉइडचे उपचार न करता नुसती ती गोळी घेतली तर स्नायू दुखण्याचा, त्यांना इजा होण्याचा धोका वाढतो.

आता बांगड्या, आवाज आणि मुंग्या. या आजारात कातडीखाली साखरेच्या लांब साखळ्यांचा एक चिकट पदार्थ साठतो. साबुदाणा भिजून फुगतो तसा तो पाणी धरून ठेवतो. चेहरा भरतो, पापण्या सुजतात, बोटं जाड होतात. बोट दाबून उठवलं तर इथे सहसा खळगा पडत नाही, साध्या सुजेपेक्षा हा फरक. हाच पदार्थ स्वरयंत्राच्या पडद्यांत शिरतो आणि आवाज घोगरा होतो. मनगटातल्या अरुंद बोगद्यात शिरतो, तिथला मज्जातंतू दाबला जातो आणि रात्री हाताला मुंग्या येतात. मावशीचा मणका ठणठणीत होता.

वजनाचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण लोक पहिलं तेच विचारतात आणि त्याबद्दलच सगळ्यात जास्त चुकीचं बोलतात. थायरॉइड मंदावल्याने वजन वाढतं हे खरं. पण सहसा किती, तर २ ते ५ किलो, आणि त्यातलाही बराचसा भाग अंगात साठलेलं मीठ-पाणीच असतो, चरबी थोडी. भूकही मंदावलेली असते हे त्याचं एक कारण. त्यामुळे कुणाचं वजन २० किलोंनी वाढलं असेल तर ते सगळं थायरॉइडच्या माथी मारता येत नाही, आणि गोळी सुरू झाल्यावर ते सगळं उतरेल अशी आशाही कुणी दाखवू नये. दुसऱ्या बाजूने, ज्या बाईचा थायरॉइड उपचाराविना मंद आहे तिला "कमी खा, जास्त चाल" एवढंच सांगत राहणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिचे स्नायूच लवकर दमतात, दुखतात. आणि उपाशी राहून वजन उतरवायला गेलं की आणखी एक गोष्ट घडते. खाणं फार तोडलं तर निरोगी माणसाचंही शरीर काही दिवसांतच टी-४ चं टी-३ कमी करू लागतं. धरणात पाणी असतं पण शहर स्वतःच नळ बारीक करतं. दुष्काळ समजून शरीराने घेतलेली ती काळजी असते.

वजन उतरवायला निरोगी माणसाने थायरॉइडची गोळी घेण्याचा प्रकारही कानावर येतो. तो करू नका. जास्तीच्या हार्मोनमुळे चरबीबरोबर स्नायू आणि हाडंही झिजतात, हृदयाची लय बिघडू शकते.

जास्तीचं हार्मोन काय करतं ते मी वर्गातच पाहिलंय. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. कांद्याच्या मुळाची स्लाइड करायची होती, आणि तिला कव्हरस्लिप ठेवता येईना. काचेचा तो पातळ चौकोन चिमटीत धरला की तिची बोटं बारीक थरथरायची आणि काच घसरून बाजूला पडायची. तीन काचा फुटल्या तेव्हा ती रडायला लागली. घाबरली असेल असं मला वाटलं. नंतर आठवलं की दोन महिन्यांपासून सगळे तिला "किती बारीक झालीस, छान दिसतेस" म्हणत होते, मीही एकदा म्हटलं होतं. डबा दुप्पट खायची, तरी वजन उतरत होतं. डिसेंबरातसुद्धा ओढणीने घाम पुसायची, झोप नव्हती. डॉक्टरांनी तिच्या पसरलेल्या बोटांवर एक कागद ठेवला, तो कागद झाडावरच्या पानासारखा हलत होता. बसल्या जागी नाडी १२० च्या घरात. तिचा टीएसएच इतका खाली होता की जवळजवळ शून्य.

हे मावशीच्या अगदी उलट चित्र. या प्रकारात सगळ्यात जास्त आढळतो तो ग्रेव्ह्‌जचा आजार. रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज या आयरिश डॉक्टरांनी १८३५ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून असं एक प्रतिपिंड बनवते, जे थायरॉइडवरच्या टीएसएचच्या जागेत जाऊन बसतं आणि ग्रंथीला वाटतं हुकूम आलाय. धरणाचे दरवाजे भलत्यानेच उघडावेत तसं. पिट्युटरी गप्प झालेली असते, तरी विसर्ग चालूच. पेशी जोमाने इंधन जाळतात, आलेलं अन्न पुरत नाही, मग चरबी आणि स्नायू मोडून जाळले जातात. जास्त खाऊन वजन उतरण्याचं इंगित हे. काहींचे डोळे पुढे आल्यासारखे दिसतात. वयस्कर माणसांत थरथर-घाम फारसा नसतो, नुसती हृदयाची लय बिघडलेली सापडते, आणि तशा हृदयात रक्ताची गुठळी होऊन लकव्याचा धोका वाढतो.

यावर कार्बिमाझोलसारखी औषधं आहेत, किरणोत्सारी आयोडीन आहे, शस्त्रक्रिया आहे. कोणाला काय, ते डॉक्टर ठरवतात. कार्बिमाझोल घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: ताप आणि घसा दुखणं सुरू झालं तर घरी काढे करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रक्ततपासणी करावी. क्वचित कुणाच्या पांढऱ्या पेशी या औषधाने एकदम उतरतात. कधी कधी मात्र ग्रंथीला सूज येऊन, बाळंतपणानंतरही, साठवलेला माल नुसता गळून रक्तात येतो. तेव्हा काही आठवडे लक्षणं जास्तीची आणि साठा संपला की कमीची. अशा वेळी ही औषधं कामाची नसतात, म्हणून नेमकं कारण शोधावं लागतं.

कमी पडण्यामागे, आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या भागात, बहुतेकदा हाशिमोतोचा आजार असतो. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी तो १९१२ मध्ये मांडला. इथेही संरक्षण यंत्रणाच चुकते, पण ती ग्रंथी हळूहळू पोखरते. बायकांत याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. मावशीला हाच आहे. म्हणून कुणी सांगितलं तसं आयोडीनच्या गोळ्या घेऊन तिला उपयोग झाला नसता. कारखान्याची भिंतच पडली असेल तर कच्चा माल ओतून काय होणार, उलट जादा आयोडीनने हा आजार चिघळू शकतो.

आयोडीनची खरी गरज रोज अवघी १५० मायक्रोग्रॅम, गरोदरपणी २५०. पण तेवढंही जमिनीत नसेल तर गावंच्या गावं गलगंडाने भरतात. आपल्या देशात व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून मिठात आयोडीन मिसळून देऊन हे दाखवून दिलं. गलगंड उतरत गेला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि आज दुकानातल्या पुडीतलं साधं मीठ आयोडीनयुक्त असतं. आपल्याकडे उपासाला सैंधव वापरतात, त्यात काही अडचण नाही. मात्र काही घरांत हल्ली रोजच्या स्वयंपाकातच सैंधव आलंय, आणि त्यात सहसा आयोडीन मिसळलेलं नसतं. घरात कुणी गरोदर असेल तर याचा जरूर विचार करावा. मिठाची बरणी झाकून, चुलीच्या वाफेपासून दूर ठेवावी, आयोडीन उडून जातं. कोबी-फ्लॉवरची भीती मात्र सोडा. शिजवलेली भाजी, रोजच्या जेवणाएवढी, आयोडीन मिळणाऱ्या माणसाला त्रास देत नाही.

गरोदरपणाचा उल्लेख आलाच आहे तर दोन वाक्यं. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, त्याच्या मेंदूच्या घडणीला लागणारं हार्मोन आईकडून जातं. म्हणून गोळी चालू असलेल्या बाईने दिवस राहिल्याचं कळताच लगेच डॉक्टरांकडे जावं, डोस बहुधा वाढवावा लागतो, आणि "औषध नको बाळाला" म्हणून गोळी बंद करणं ही सगळ्यात मोठी चूक. जन्मल्यावर बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन ही तपासणी करता येते. ती झाली का, हे नक्की विचारा. उशिरा लक्षात आलं तर बुद्धीचं झालेलं नुकसान भरून येत नाही.

मंदावलेल्या थायरॉइडचा उपचार मात्र इतका सरळ आहे की त्याचं मला अजून अप्रूप वाटतं. १८९१ मध्ये जॉर्ज मरी या इंग्रज डॉक्टरांनी ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. पुढे ती तोच उपचार घेत ७४ व्या वर्षापर्यंत जगली. १९१४ च्या नाताळात अमेरिकेतल्या एडवर्ड केंडल यांनी हार्मोन शुद्ध रूपात वेगळं केलं. आज मिळते ती लिव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे कारखान्यात बनवलेलं तेच टी-४. शरीराला बाहेरचं औषध वाटावं असं तिच्यात काही नाही, जे कमी पडतं तेच भरून द्यायचं.

गोळी सोपी, घेण्याची शिस्त अवघड. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. पहाटे पाचला चहाचं आधण ठेवून ज्यांचा दिवस उजाडतो त्यांना हे जड जातं. मावशी गोळी चहाबरोबरच घ्यायची, आणि "घेतली की" म्हणायची. खरं म्हणजे पोटातून ती नीट रक्तात जातच नव्हती. शेवटी तिने गोळीची डबी देवघराजवळ ठेवली. उठली की आधी गोळी, मग अंघोळ, पूजा, आणि मग चहा. ज्यांना सकाळी जमतच नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी घ्यावी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिला धरून ठेवतात, त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्या मुली-बायकांनी रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगून दोन-तीन दिवस ते थांबवावं, त्याने काही तपासण्यांचे आकडे खोटे येतात. गंमत अशी की केस गळतात म्हणून बायोटिन सुरू होतं, आणि केस थायरॉइडमुळेच गळत असले तर बायोटिन नेमकी ती तपासणी चुकवतं. डबी खिडकीतल्या उन्हात किंवा ओलसर जागी ठेवू नका.

टी-४ रक्तात निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात. म्हणून एखादा दिवस गोळी राहिली तर लगेच काही वाटत नाही, आणि म्हणूनच "बरं वाटतंय, आता कशाला" म्हणत लोक ती सोडतात. दोन आठवडे छान जातात, मग हळूहळू शाल परत येते. डोस बदलल्यावर टीएसएच पुन्हा तपासायला सहा ते आठ आठवडे थांबायला सांगतात तेही याचमुळे. आधी तपासून नुसता गोंधळ होतो. वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्यांना अगदी कमी डोसने सुरुवात करतात, मंदावलेल्या हृदयाला एकदम पळवायचं नसतं. मावशीला २५ मायक्रोग्रॅमवर सुरू केली होती. आणि ज्यांचा टीएसएच जरासाच वर आहे, टी-४ व्यवस्थित आहे, त्यांना प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं की तो कधी कधी आपसूक खाली आलेला असतो.

जूनमध्ये मावशीचा टीएसएच २४ वर आला, डोस वाढवला. पोट आधी सुधारलं, मग पायातला जडपणा गेला. कोलेस्टेरॉल तेलाची चमचाभर सवलत देऊनसुद्धा उतरलं. केसांना सगळ्यात जास्त वेळ लागला. वजन तीन किलोनं कमी झालं, त्यावर ती थोडी नाराज होती, तिला जास्त हवं होतं.

नवरात्राच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "अगं, कासाराकडे गेले होते. माझ्या मापाच्या म्हणून त्याने दोन-सहाच्या काढल्या, तर त्या हातातून खाली पडायला लागल्या. दोन-चारच्या भरल्या, हिरव्यागार. लग्नातलं माप आलं बघ." मी ऐकत होते. आवाज तिचाच होता, पातळ, जरा वरच्या पट्टीतला, आणि नेहमीसारखा माझं वाक्य पूर्ण होण्याआधीच पुढे धावणारा.